निरंक



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांच्या वर्गात मी दोन वर्षं होतो. ते अर्थशास्त्र शिकवायचे. फळ्यावर आकडा लिहिला की खडू खाली ठेवायचे आणि मागं वळून विचारायचे, ‘‘हा कुणी मोजला?’’ आम्ही पुस्तकाचं नाव सांगायचो. ‘‘पुस्तक कसं मोजेल? कुणीतरी माणूस तिथं गेला असेल. कोण गेला होता?’’ आम्ही गप्प. पुढं नायब तहसीलदार म्हणून महसूल खात्यात लागलो आणि शेवटची काही वर्षं प्रतिनियुक्तीवर मुंबईत काढली. त्या सगळ्या काळात सरांचा हा प्रश्न माझ्यासोबत राहिला. आजचं व्याख्यान त्याच प्रश्नाचं एक टोक धरून आहे. सरकारचं एखादं खातं आपल्या धोरणाचा आढावा घेतं, समिती नेमतं, अहवाल मागवतं, तेव्हा त्या आढाव्याला खर्च किती येतो? आणि तो भरतं कोण?

ब्रिटनच्या पार्लमेंटात हा प्रश्न मंत्र्यांना नेमानं विचारला जातो. अमुक आढाव्यावर तुमच्या खात्याचे किती पैसे गेले? कधी उत्तरात आकडा मिळतो. कधी उत्तर येतं की ही माहिती गोळा करायलाच अवाजवी खर्च येईल. हे ‘अवाजवी’ म्हणजे किती, तेही तिथं ठरलेलं आहे. २०१२ साली ही मर्यादा ८५० पौंड ठरली. लेखी प्रश्नाचं उत्तर शोधायला त्याहून जास्त लागणार असेल तर मंत्री नकार देऊ शकतो. माहिती अधिकाराच्या अर्जांसाठी केंद्रीय खात्यांची मर्यादा ६०० पौंडांची, आणि हिशेब करताना कर्मचाऱ्याचा एक तास २५ पौंडांचा धरायचा. म्हणजे चोवीस तासांत सापडेल ती माहिती द्यायची.

नागरिकाला माहिती नाकारण्याची सोय म्हणून मला ही तरतूद पसंत नाही. पण तिच्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कागद शोधणाऱ्या माणसाच्या तासाला किंमत आहे, हे छापील नियमात लिहिलेलं आहे. आपल्याकडं २००५च्या माहिती अधिकार कायद्यात कलम ७(९) आहे. मागितलेल्या स्वरूपात माहिती देताना कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळवावी लागणार असेल, तर ती दुसऱ्या स्वरूपात द्यावी, असा त्याचा आशय. (पुष्कळ अधिकारी याच कलमावर बोट ठेवून माहितीच नाकारतात. कलमात तसं नाही.) नागरिकानं दहा रुपयांचं तिकीट लावलेला अर्ज दिला, तर कार्यालयावर किती भार पडेल याचा विचार आपल्या कायद्यानं केला. शासनानं स्वतःच समिती नेमली आणि अठ्ठावीस हजार ग्रामपंचायतींकडून माहिती मागवली, तर किती भार पडेल याचा विचार कुठल्याही नियमात मला सापडला नाही.

समितीचा शासन निर्णय आपण पाहिला असेल. प्रस्तावना, समितीची रचना, कार्यकक्षा, मुदत. शेवटी एक परिच्छेद असतो : अशासकीय सदस्यांना बैठक भत्ता व प्रवास भत्ता अनुज्ञेय राहील, हा खर्च अमुक लेखाशीर्षाखाली मंजूर तरतुदीतून भागवावा. बस. पुढं सभागृहात कुणी तारांकित प्रश्न टाकला, की समितीवर खर्च किती, तर उत्तर तयार करणारा कक्ष अधिकारी याच परिच्छेदाकडं येतो. प्रवासाचा खर्च अंदाजपत्रकाच्या उद्दिष्ट ११ या शीर्षात पडलेला, कागद-छपाई-चहा १३ मध्ये, सल्लागार संस्थेला काही दिलं असेल तर ते २८ मध्ये, व्यावसायिक सेवा म्हणून. समितीच्या नावाचं वेगळं खातं नाहीच. तो बिचारा देयकं चाळतो, बेरीज करतो आणि काही लाखांचा आकडा वर पाठवतो. आकडा खोटा नसतो. पण सदस्य सचिव म्हणून नेमलेला उपसचिव वर्षभर निम्मा वेळ याच कामात असतो, त्याचा पगार उद्दिष्ट ०१ मध्ये, वेतनात, आधीच गेलेला असतो. तो कुणी मोजत नाही. आणि खाली जिल्ह्यात, तालुक्यात, गावात जे तास जातात, ते तर कुठल्याच शीर्षात नसतात.

त्या तासांबद्दल मी बोलू शकतो, कारण मी ते भरून दिलेले आहेत.

मराठवाड्यातल्या एका तालुक्यात मी होतो. मोबाइल यायच्या आधीचे दिवस. एका शनिवारी दुपारी जिल्ह्याहून बिनतारी संदेश आला आणि पाठोपाठ माणसाच्या हाती सायक्लोस्टाइल केलेलं प्रपत्र. वर तांबड्या शाईत ‘अत्यंत तातडीचे’. कुठलीशी समिती पाणीटंचाईच्या धोरणाचा आढावा घेत होती. सतरा रकाने, गावनिहाय, सोमवारी सकाळी अकरापर्यंत जिल्ह्याला पोहोच. अकरावा रकाना होता : मागील पाच वर्षांत कोरड्या पडलेल्या विहिरींची संख्या.

आता ही माहिती तलाठ्याकडं असते, असं वर बसलेल्या माणसाला वाटणं साहजिक आहे. गाव नमुने एकवीस आहेत, त्यांत काय नाही? पण सातबाऱ्यावर विहीर कुठं आहे याची नोंद असते, ती आटली याची नसते. पीकपाहणीत जलसिंचनाच्या साधनाचा रकाना असतो. एकदा ‘विहीर’ असं लिहिलं की ते वर्षानुवर्षं तसंच उतरवलं जातं. कोरड्या विहिरी मोजायच्या तर शिवारात फिरायला हवं, काठावर उभं राहून आत डोकावायला हवं, शेतकऱ्याला विचारायला हवं की पाणी कधी गेलं, कुठल्या महिन्यात गेलं, पुढच्या पावसात परत आलं का.

रविवारी सगळ्या तलाठ्यांना तहसीलला बोलावलं. कोतवाल सायकलवर निरोप घेऊन गेले होते. दुपारपर्यंत बहुतेक आले, दप्तर बगलेत मारून. ओसरीवर सतरंजी टाकून बसले आणि रकाने भरू लागले. लोकसंख्या, क्षेत्र, पैसेवारी, हे भराभर झालं. अकराव्या रकान्याशी सगळ्यांच्या लेखण्या थांबल्या. एक वयस्क तलाठी, ज्यांच्या अक्षराचं सगळं कार्यालय कौतुक करायचं, माझ्याकडं आले आणि म्हणाले, ‘‘रावसाहेब, हे मला माहीत नाही. माझ्या सज्ज्यात चार गावं. मोजून द्यायला तीन दिवस लागतील.’’ मी म्हणालो, ‘‘उद्या अकराला गाडी निघणार.’’ ते थोडा वेळ उभे राहिले. मग विचारलं, ‘‘रकाना मोकळा ठेवू?’’

मोकळा रकाना ठेवलेलं प्रपत्र जिल्ह्याहून परत येतं. ‘अपूर्ण’ असा शेरा मारून. हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. मी काहीच बोललो नाही. त्यांनी जाऊन चारही गावांपुढं त्या सुंदर अक्षरात लिहिलं : निरंक.

‘निरंक’ हा आपल्या दप्तरातला शब्द आहे. त्याचा अर्थ शून्य. आम्ही पाहिलं, मोजलं, आणि काही आढळलं नाही. ‘माहीत नाही’ यासाठी सरकारी प्रपत्रात शब्दच नाही. म्हणून जे माहीत नाही तेही निरंक होतं. त्या दिवशी आमच्या तालुक्यात निम्म्याहून अधिक गावं निरंक झाली. सोमवारी पहाटेपर्यंत मी आणि अव्वल कारकून गोषवारा काढत होतो. खाली माझी सही आहे.

आणखी एक गोष्ट त्या रविवारची. तहसीलच्या पायरीवर एक बाई बसून होत्या. नवरा वारला होता, वारसाची नोंद लावायची होती, त्याशिवाय सोसायटीचं कर्ज मिळणार नव्हतं आणि पेरणी तोंडावर आलेली. तलाठी गावात सापडेना म्हणून रविवारी तालुक्याला आल्या. सगळे तलाठी इथंच आहेत असं कुणीतरी सांगितलं होतं. त्यांचा तलाठी ओसरीवर रकाने भरत होता. संध्याकाळी शेवटची एसटी धरून त्या परत गेल्या. समितीच्या खर्चात त्यांचं तिकीट कुठं लिहायचं, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता थोडं गणित करू. सरांना आवडलं असतं. समजा एका आढाव्यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीत एका माणसाचे फक्त तीन तास गेले. राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८,०००. झाले ८४,००० तास. आठ तासांचा दिवस धरला तर १०,५०० दिवस, आणि वर्षाचे कामाचे दिवस २५० धरले तर ४२ माणसांचं अख्खं वर्ष. तासाला २५० रुपये धरा, मी मुद्दाम हात आखडून धरतो आहे, तर २ कोटी १० लाख रुपये. तालुक्याचे, जिल्ह्याचे, विभागाचे गोषवारे यात नाहीत. हा माझा अंदाज आहे, कुठल्या समितीचा हिशेब नव्हे. पण सभागृहात जो काही लाखांचा आकडा जातो, त्याच्या शेजारी हा ठेवून पाहा.

मी आढावे थांबवा म्हणत नाही. या राज्याला आढाव्यांनी फार काही दिलं आहे. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. १९८३ साली नेमली, १९८४ साली तिनं अहवाल दिला. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा नऊ क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची आणि कोणता जिल्हा तिच्या किती खाली आहे ते रुपयांत मांडायचं. बेरीज आली सुमारे ३,१८६ कोटी. या तुटीसाठीचा ‘अनुशेष’ हा शब्द तिथून विदर्भ-मराठवाड्यातल्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. ‘आमच्यावर अन्याय होतो’ या भावनेला त्या समितीनं आकडा दिला, आणि आकड्याशी भांडताही येतं, हिशेबही मागता येतो. सरकारी आढाव्यानं समाजाला याहून मोठं काय द्यायचं असतं?

पण पुढं पाहा. विभागांच्या समतोल विकासासाठीची वैधानिक विकास मंडळं स्थापन झाली १९९४ साली. त्यानंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीनं १ एप्रिल १९९४ची स्थिती धरून पुन्हा मोजणी केली. अनुशेष निघाला १४,००६ कोटींचा. मग विजय केळकरांच्या अध्यक्षतेखालची समिती २०११ साली नेमली गेली, तिनं तालुका हा घटक धरायला सांगितलं, २०१३ साली अहवाल दिला, तो विधिमंडळात आला डिसेंबर २०१४मध्ये. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

३,१८६ आणि १४,००६ हे आकडे सरळ शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. मधल्या काळात भाव वाढले, मोजण्याच्या पद्धतीत फरक पडला. तरी एवढं म्हणता येतं की एकाच प्रश्नासाठी तीस वर्षांत तीन वेळा राज्यभरातून आकडे गोळा झाले. तिन्ही वेळा जिल्ह्या-जिल्ह्यात रात्री जागून काढल्या गेल्या असतील. पहिल्या वेळी आलेल्या आकड्यावर ठरल्या मुदतीत पैसा पडला असता, तर दुसऱ्या आढाव्याचा प्रश्नच वेगळा झाला असता. अमलात न आलेला आढावा पुढच्या आढाव्याला जन्म देतो, आणि पुढच्याचा खर्च पहिल्याच्या नावावर कुणी टाकत नाही.

याचं फार जुनं उदाहरण महात्मा फुल्यांचं आहे. १८८२ साली हंटर आयोग शिक्षणाच्या धोरणाचा आढावा घ्यायला बसला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीच्या निवेदनात जोतीरावांनी आयोगाला दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या दोन्ही आजच्या विषयाच्या आहेत. एक, सरकारी तिजोरीतला पैसा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडं जातो. म्हणजे भरतं कोण आणि मिळतं कुणाला, हा सरळ हिशेब. दुसरी, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. आयोग बसला, साक्षी झाल्या, जाडजूड अहवाल छापला गेला. सक्ती आली नाही. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात त्यासाठी विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीचं आणि मोफत शिक्षण सुरू केलं. देशभरासाठी शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. फुल्यांच्या निवेदनाला १२८ वर्षं पूर्ण व्हायला तेव्हा सहा महिने राहिले होते. हंटर आयोगावर तिजोरीतून किती रुपये गेले, ते कुठंतरी अभिलेखागारात सापडेल. त्या मधल्या पिढ्यांतल्या ज्या मुली अक्षर न ओळखता म्हाताऱ्या झाल्या, त्यांचा खर्च कशाखाली टाकायचा?

शाहू महाराजांचं उदाहरण मला पुन्हापुन्हा आठवतं, ते याचसाठी. त्यांच्यापुढं नवी माहिती नव्हती. जे सांगितलं गेलं होतं ते त्यांनी मानलं आणि पैशाची तजवीज केली.

मोजण्याच्या कामाला पगारी माणूस लागतो, हे आपल्या देशाला एकेकाळी चांगलं कळलं होतं. २ ऑक्टोबर १९५२ला सामुदायिक विकास कार्यक्रम ५५ प्रकल्पांत सुरू झाला आणि त्याच महिन्यात योजना आयोगानं त्याच्या मूल्यमापनासाठी वेगळी संघटना उभी केली. तिचे पहिले संचालक पुण्याचे प्राध्यापक द. गो. कर्वे. योजना राबवणाऱ्या खात्याच्या बाहेरची यंत्रणा, प्रकल्पाच्या जागी राहणारे मूल्यमापन अधिकारी, आणि पहिल्या दिवसापासून पैशाची सोय. ज्याला शिवारात जाऊन बघायचं आहे, त्याचं तेच काम. त्यासाठी तलाठ्याला फेरफार सोडून ओसरीवर बसावं लागत नव्हतं. ही संघटना २०१५ साली नव्या विकास संनियंत्रण व मूल्यमापन कार्यालयात विलीन झाली. संघटनेचे अहवाल त्या वेळच्या सरकारला सोयीचे होते असं मुळीच नाही. लोकसहभाग अपुरा पडतो आहे, हे तिनं लिहून ठेवलं.

तेव्हा माझं मागणं मोठं नाही. समिती नेमणाऱ्या शासन निर्णयात भत्त्यांच्या परिच्छेदाखाली आणखी एक परिच्छेद असावा. कोणती माहिती कार्यालयात आधीच आहे, कोणती नव्यानं गोळा करावी लागेल, त्याला कुठल्या पातळीवर किती तास लागतील आणि ते तास कुठल्या कामातून काढायचे. मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला हा परिच्छेद लिहावा लागला, तर सतरा रकान्यांचे सात होतील, याबद्दल मला शंका नाही. कारण तो परिच्छेद लिहिण्यासाठी त्याला आधी एखाद्या तलाठ्याला विचारावं लागेल. आणि प्रत्येक प्रपत्रात ‘निरंक’ आणि ‘माहिती नाही’ असे दोन वेगळे पर्याय हवेत. दुसरा पर्याय लिहिणाऱ्याला ज्ञापन जाऊ नये. अज्ञान प्रामाणिकपणे कळवणारा कर्मचारी खात्याचे लाखो रुपये वाचवत असतो.

दुसरं मागणं विधिमंडळाकडं आहे. चौकशी आयोगांच्या १९५२च्या कायद्यात अशी तरतूद आहे की आयोगाचा अहवाल, त्यावर काय कार्यवाही केली याच्या निवेदनासह, सहा महिन्यांत सभागृहासमोर ठेवावा लागतो. शासन निर्णयानं नेमलेल्या धोरण-समित्यांना हे बंधन नाही. त्यांचा अहवाल स्वीकारला, नाकारला की नुसता ठेवून दिला, हे कळायला आपल्याला वर्तमानपत्रातल्या बातमीची वाट पाहावी लागते. तेच सहा महिने यांनाही लावावेत. शिफारस नाकारायची असेल तर खुशाल नाकारा, पण कारण लिहा, म्हणजे दहा वर्षांनी तीच शिफारस शोधायला पुन्हा अठ्ठावीस हजार ग्रामपंचायतींत पत्र जाणार नाही. हे करायला कायदा हवा असेल तर कायदा करा. मला वाटतं, ठरवलं तर साधं परिपत्रकही पुरेल.

कुणी म्हणेल, एवढा हिशेब ठेवायलाच खर्च येईल. येईल ना. पण तो एका टेबलावर, एका माणसाला, समिती नेमण्यापूर्वीच्या एका आठवड्यात येईल. आज तो कुठं येतो, ते मी सांगितलं.

त्या आढाव्याचं पुढं काय झालं, ते सांगून थांबतो. बऱ्याच वर्षांनी मुंबईत असताना दुसऱ्या एका कामासाठी तो अहवाल माझ्या टेबलावर आला. जाड पुठ्ठ्याची बांधणी, वरचं पान कुणी उलटलेलं दिसत नव्हतं. परिशिष्टात तालुकानिहाय तक्ता होता. आमच्या तालुक्यापुढं कोरड्या विहिरींचा आकडा इतका लहान होता की तो टंचाईच्या पहिल्या यादीत बसलाच नव्हता. त्या यादीवरून पुढची काही वर्षं विंधन विहिरींचा निधी वाटला गेला. मी तो तक्ता पुष्कळ वेळ पाहत बसलो. आकडा कुणी मोजला, हे त्या इमारतीत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

मी तालुका सोडल्यावर तिथं मोठा दुष्काळ पडला. टँकर लावायचे तर विहिरींची खरी स्थिती हवी होती, म्हणून तेव्हा मोजणी झाली. ते वयस्क तलाठी निवृत्तीला आले होते. चारही गावांच्या शिवारात ते स्वतः फिरले, प्रत्येक विहिरीच्या काठाशी थांबले, गट नंबरासह यादी केली. माझ्यानंतर तिथं आलेल्या सहकाऱ्यानं ती मला एकदा दाखवली. अक्षर तसंच होतं. खाली त्यांनी कामाच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. सुरुवात सोमवारी, शेवट बुधवारी. तीन दिवस लागले होते.